अकरा वाजले होते, मावशी

मावशी, तुझ्या खोलीतलं घड्याळ एक तास मागे होतं. ते आपोआप मागे पडलेलं नव्हतं, मी केलेलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सुजातालाही नाही, आणि बायकोपासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुला सांगायचं राहून गेलं, असं मी गेले काही दिवस मनाशी म्हणत होतो. राहून गेलं नाही. सांगितलं नाही.

परवा तुझं तेरावं झालं. इथल्या, कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळातले लोक आले होते. जेवून निघताना एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या अंकासाठी त्यांच्यावर चार ओळी लिहून द्या. मिरजेत नर्स होत्या, आईच्या माघारी तुम्हाला वाढवलं, एवढं आलं तरी पुरे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटी विसरायला लागल्या होत्या ना?" मी मान हलवली. रात्रभर त्या मान हलवण्याची लाज वाटत राहिली. सकाळी लिहायला बसलो तर पहिली ओळ घड्याळाची आली, आणि ती खोडून पुढे जाता येईना.

घड्याळ तुझंच. मिरजेच्या घरातून तू एवढंच आणलंस, ते घड्याळ, एक पितळी तांब्या आणि तुझी पांघरुणं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, सगळे फोनमध्ये वेळ बघणारे. तू आल्या आल्या चारी भिंती बघितल्यास आणि म्हणालीस, "अरे, तुम्ही वेळ कुठं ठेवता?" मग ते तुझ्या पलंगासमोर लावलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, वॉर्डात असतात तसे. याच घड्याळावर तू मला वेळ वाचायला शिकवलंस. "मोठा काटा नुसता पळतो. त्याच्याकडे नंतर बघायचं. आधी धाकट्याला विचार." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तू रात्रपाळी मागून घ्यायचीस. मला वाटायचं, तुला रात्रच आवडते. मी शाळेतून येईन तेव्हा घरात कोणीतरी असावं म्हणून ती मागून घेतलेली होती, हे मला कुसुमताईंनी सांगितलं, तेही मी नोकरीला लागल्यावर. त्या तुझ्याबरोबरच्या नर्स, पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. त्यांची दिवसपाळी, म्हणून रात्री मी त्यांच्याकडे झोपायचो. दोघींनी मला दिवस-रात्र असं वाटून घेतलं होतं. सकाळी तू यायचीस, मला आंघोळ घालून शाळेत पाठवायचीस, मग खिडकीला खाकी कागद लावून, डोळ्यांवर ओला नॅपकिन टाकून पडायचीस. दुपारी मी चपला हातात घेऊन आत शिरायचो. कागदाच्या फटीतून उन्हाची एक रेघ तुझ्या पायांवर पडलेली असायची. झोपलेली तू बहुतेक नसायचीसच. नॅपकिनखालून आवाज यायचा, "मिलू, पोळी झाकून ठेवलीय."

मोठा झालो तरी दिवसा झोपलेल्या माणसाजवळून जाताना मी अजून पाय उचलून टाकतो. एवढं तरी शिकलो होतो असं वाटायचं.

गेल्या वर्षी माघ संपता संपता तू इथे आलीस. कुसुमताई मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि तुझ्या शेजारी कोणी उरलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कोलकाता तुला आवडलं. बाकी लोकांना इथलं काय काय आवडतं, तुला आवडली इथली सकाळ. सगळ्या देशाचं घड्याळ एक, आणि आपण त्याच्या पूर्वेच्या टोकाला. मिरजेत सहाला जो उजेड बघायची सवय, तो इथे चैत्रात पाचलाच गॅलरीत हजर. तू म्हणालीस, "आयुष्यभर सकाळ झाली की मी अंधार करून झोपले रे. आता मला उजेड बघू दे."

आणि बघायलाही लागलीस. उजाडलं की संतोषपूरच्या तळ्यावर जायचीस. तिथल्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी तुला आठवड्यात आपली करून टाकली. त्यांचं बंगाली, तुझं मिरजेचं हिंदी, आणि तरी बातम्या सगळ्या कळायच्या तुला, कोणाच्या सुनेचं काय आणि कोणाच्या साखरेचं काय. ते तुला मासिमा म्हणायचे. तुला त्याची फार गंमत वाटायची. "मासिमा म्हणजे मावशीच की रे. तुझी एकट्याची नाही राहिले मी आता."

अडचण होती ती गेटची. आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर लोखंडी घडीचं गेट आहे, इथे सगळ्यांकडे असतं तसं. ओढलं की किंचाळतं. त्याचं कुलूप जुनं, किल्ली आत घालून जरा वर उचलून फिरवावी लागते. तुझ्या बोटांना ते जमायचं नाही. माझं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं. शेवटचा कॉल संपून अंग टाकेपर्यंत दोन वाजून गेलेले असतात. आणि साडेचारला तू माझ्या दारात. वॉर्डात फिरलेली बाई तू, पाऊल वाजायचं नाही. हाकही मारायची नाहीस. नुसती उभी राहायचीस आणि मला जाग यायची.

"उठलास? झोप, झोप. फक्त तेवढं कुलूप."

तेवढं कुलूप. मी उठायचो, कुलूप काढायचो, गेट किंचाळायचं, तू जायचीस. नंतर मला झोप लागायची नाही. दिवसभर डोळ्यांत वाळू. असे दोन-अडीच महिने गेले. एकदा चहा पिताना मी चिडून म्हणालो, "मावशी, म्हातारी माणसं इतक्या लवकर का उठतात गं?"

"वय झालं की झोप अलीकडे सरकते रे. लवकर येते, लवकर जाते. पेशंटचंही तेच. उजाडायच्या आत डोळे टक्क उघडे."

"मग तू त्यांना काय म्हणायचीस?"

"झोपा म्हणायचे." तू हसलीस. "आता कळतंय काय म्हणत होते ते."

वैशाखातल्या एका रविवारी तू आंघोळीला गेलेली असताना मी खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं आणि मागची चकती फिरवून काटे एक तास मागे घेतले. पुढचा आठवडा कामाचा वाईट होता. आठवड्यापुरतं, असं मी ठरवलं होतं. पंख्याचा वेग कमी करावा इतकं ते सोपं होतं. तुझा फोन साधा, त्यावरचे आकडे तुला दिसायचे नाहीत. एक नंबरचं बटण दाबलं की कुसुमताई, एवढाच तुला तो ठाऊक. बाकी तुझी वेळ त्या भिंतीवर होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा तू दारात उभी होतीस, रोजच्यासारखी.

मंगळवारी तू विचारलंस, "मिलू, इथे साडेतीनलाच उजाडायला लागलं का रे? मी आपली पडून राहिले."

"कोलकाता पूर्वेला आहे ना मावशी."

"पण परवापरवा साडेचारला उजाडत होतं."

"दिवस मोठा होतोय."

यात खरं किती आणि खोटं किती याचा हिशेब मी तेव्हाच करून ठेवला होता. कोलकाता पूर्वेला आहे हे खरं. दिवस मोठा होत होता हेही खरं. संध्याकाळी तू गॅलरीत फोनवर कुसुमताईंना सांगत होतीस, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने. "अगं, साडेतीनला उजाडतं इथे. खोटं कशाला बोलू? मिलूनं सांगितलं."

आठवडा संपला. मी घड्याळ पुढे केलं नाही.

कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही, याचं मला आता नवल वाटतं. आमच्या मुलीला, रेवाला, काट्यांचं घड्याळ वाचायचा कंटाळा. तू तिला धाकट्या काट्याची युक्ती शिकवायला गेलीस तर म्हणाली, "आजी, फोनमध्ये नंबर येतो ना, मग कशाला पाहायला पाहिजे?" सुजाता सकाळी शाळेत शिकवायला जाते ती दुपारी येते. एकदा म्हणाली, "मावशींचं घड्याळ मागे पडलंय बघ." मी म्हणालो, सेल बदलतो. ती विसरली. घरातल्या अशा कामांत ती माझ्यावर विसंबते.

तुझ्या मात्र सगळं लक्षात येत होतं. मालती कामाला यायची सातला, तुझ्या घड्याळात सहा. "किती लवकर येते पोर," म्हणून तू तिला आधी चहा द्यायचीस. तिला कळायचं नाही हे कौतुक कशाचं, पण चहा ती आवडीने प्यायची. संध्याकाळची तुझी मालिका एक तास आधी लागायला लागली. "आज लवकर लावली वाटतं," तू म्हणालीस. सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाही मावशी, वेळेवरच आहे." तू उठून आपल्या खोलीत गेलीस, घड्याळ बघून परत आलीस आणि चष्मा पुसलास. असा चष्मा पुसताना मी तुला नंतर कितीदा पाहिलं.

पुढे मी काळे पडदे आणले. आमच्या खोलीला आणि तुझ्याही. आपलं खरं भांडण झालं ते तेवढंच. "मला नकोत," तू म्हणालीस. "मी खाकी कागद लावून जन्म काढलाय. आता उजेडाला तरी आत येऊ दे." मी म्हणालो, तुझी झोप पूर्ण होत नाही, म्हणून तुझा गोंधळ होतो. गोंधळ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा घरात आला. तो मी आणला. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "होतो का रे माझा गोंधळ?"

मी म्हणालो, "होतो थोडा. वय आहे."

घड्याळ मागे करणं एक वेळ मी स्वतःला समजावू शकतो. झोप नसलेला माणूस होतो, आठवड्यापुरतं केलं, राहून गेलं. हे वाक्य मला कशातच बसवता येत नाही.

पडदे लागले. उजाडलेलं तुला कळेनासं झालं. तळ्यावर जाणं उशिरावर गेलं, मग उन्हामुळे एक दिवसाआड, मग कधीतरी. तू दुपारी पेंगायला लागलीस आणि रात्री जागी राहायला लागलीस. संध्याकाळ झाली की खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या. यातलं किती तुझ्या वयाचं, किती इतक्या वर्षांच्या रात्रपाळ्यांचं आणि किती माझ्या घड्याळाचं, हे आता कोणीच वेगळं काढून देऊ शकणार नाही. मी बरेचदा सगळं वयावर टाकून बघतो. तिथे ते टिकत नाही.

थंडीत इथे संध्याकाळही लवकर होते, पाचला अंधार. एक दिवस मी घरीच होतो. खाली कोणाकडे तरी शंख वाजला, मग समोरच्या घरात, मग आणखी कुठे. दिवेलागणीला वाजतात तसे. तू खोलीतून बाहेर आलीस, एका हाताने दाराची चौकट धरून.

"मिलू, शंख वाजले."

"हो."

"अरे, चारच वाजलेत."

मी लॅपटॉपवर होतो. वर न बघता म्हणालो, "तुला नीट दिसलं नसेल मावशी. पाच वाजलेत."

तू आत गेलीस. मी ऐकत होतो. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तू घड्याळाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली असणार. मग पुटपुटलेलं ऐकू आलं. "धाकटा चारवर. धाकटा चारवरच आहे." मला वेळ वाचायला शिकवणारी बाई स्वतःला पहिल्यापासून वेळ वाचून दाखवत होती. मी उठून आत यायला हवं होतं. घड्याळ काढून तुझ्या हातात द्यायला हवं होतं. माझा कॉल सुरू होत होता. तो मी घेतला.

पौष महिन्यात मी तुला डॉक्टरांच्या चेंबरवर, इथे दवाखान्याला तसंच म्हणतात, घेऊन गेलो. मोठे भले गृहस्थ होते ते, त्यांचा यात काही दोष नाही. तुझ्याशी ते हिंदीत, अगदी अदबीने बोलले. "मासिमा, आज कौन सा दिन है? महिना कौन सा? हम लोग अभी कहाँ बैठे हैं?" तू सगळं बरोबर सांगितलंस आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "हे प्रश्न मी विचारायचे रे लोकांना. पाठ आहेत मला." जरा ऐटीतच होतीस.

"और मासिमा, अंदाज से, टाइम कितना हुआ होगा?"

"दस."

"पक्का?"

"पक्का. घर से पौने नौ को निकले. आधा घंटा टॅक्सी. बाकी टाइम आपने बाहर बिठाया."

डॉक्टर हसले. मग मनगटाकडे बघितलं आणि कागदावर काही लिहिलं.

अकरा वाजले होते, मावशी. तुझं गणित एका मिनिटानेही चुकलेलं नव्हतं. निघताना तू घड्याळ बघितलंस, टॅक्सीचा वेळ धरलास, बाहेरच्या बाकावरचा धरलास, सगळी बेरीज बरोबर केलीस. ज्या आकड्यापासून सुरुवात केलीस तेवढाच खोटा होता, आणि तो कोणी खोटा केला हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "घर में भी ऐसा होता है?"

मी म्हणालो, "कभी कभी."

ते म्हणाले, सुरुवात असू शकते, लक्ष ठेवू. एक गोळी लिहून दिली. सकाळी उजेडात बसवा, असंही म्हणाले. डोक्याच्या आत एक घड्याळ असतं, ते रोज सकाळच्या उजेडाने लावावं लागतं, म्हातारपणी तर जास्तच. पडदे उघडे ठेवा. मी हो हो म्हणत होतो. आणि एकट्या बाहेर पाठवू नका.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "किती चुकलं रे?"

"तासाभराने."

"तासाभराने," तू म्हणालीस. टॅक्सीत बसल्यावर म्हणालीस, "मग आहेच काहीतरी. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. पेशंटला वेळेचं भान नाही."

त्या दिवसापासून गेट बंद राहिलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पहाटे दारात येऊन उभं राहायचं तू सोडलंस. आणि मावशी, आता सगळं खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो: मला बरं वाटलं. पहिल्या रात्री मी सलग झोपलो आणि उठल्यावर ताजंतवानं वाटलं.

तळ्यावरच्या माणसांशी तुझं बोलणं थांबलं. मालती सांगायची, मासिमाबद्दल ते विचारतात. कुसुमताईंचे फोनही कमी झाले. मला वाटलं, त्यांचंही वय झालं.

फाल्गुनात छातीत कफ झाला आणि तुला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मला भीती होती की नव्या जागी तू अगदीच बावरशील. झालं उलटंच. तुझा पलंग पूर्वेच्या खिडकीशी होता आणि त्या खिडकीला पडदा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. चेहऱ्यावर ऊन होतं. रात्रपाळीची एक तरुण सिस्टर, डोळे सुजलेले, कागद भरत उभी होती.

"सिस्टर," तू तिला म्हणालीस, "आठ बज गए. आपने चार्ज नहीं दिया अभी तक?"

तिने फोन बघितला. "आठ बजके पाँच मिनट. मासिमा, आपको कैसे पता?"

"पाँव से. रात वाली का पाँव घसीटता है. दिन वाली अभी आई, उसका पाँव उठता है."

ती हसली, मला म्हणाली, "हमारी मेट्रन है ये." आणि दिवसपाळीच्या सिस्टरला चार्ज द्यायला गेली. त्या वॉर्डात तुला दिसेल असं एकही घड्याळ नव्हतं. मी तीन दिवसांत सगळ्या भिंती बघून ठेवल्या होत्या, का ते आता तुला कळेल.

तू खुशीत होतीस. माझा हात धरलास. तुझा हात नेहमी कोरडा असायचा, साबणाने धुऊन धुऊन झालेला, तसाच होता.

"बघ मिलू, इथे मला वेळ बरोबर कळते. तुमच्या घरी काय होतं कुणास ठाऊक."

याहून सोपं करून मला कोणी देणार नव्हतं. दार उघडं होतं, तूच उघडलेलं. मी म्हणालो, "दमली होतीस मावशी, म्हणून." आणि तुझी चादर नीट केली. चादर नीटच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तुला सगळं कळलं असावं, आणि मला लाज वाटू नये म्हणून तू गप्प राहिलीस, असं मी चार-पाच दिवस स्वतःला सांगून बघितलं. ते मला फार बरं पडलं असतं. पण तुला कळलं असतं तर तू माझा कान धरून मला खुर्चीवर चढवलं असतंस आणि घड्याळ माझ्याच हातून नीट करून घेतलं असतंस. तुला कळलं नव्हतं. तू मिलूवर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास.

दहाव्याच्या दिवशी कुसुमताईंचा फोन आला. "मिलिंदा, शेवटी तिला काही कळत होतं का रे?"

उत्तराची वाट न बघता त्याच पुढे म्हणाल्या. "मला म्हणायची, कुसुम, माझं डोकं चाललंय, माझ्याशी बोलून काही उपयोग नाही. मी म्हणायचे, असं काही नाही. मग डॉक्टरांनीच सांगितलं म्हणाली. तिला बोलायला लावलं की तिला चुकायची भीती वाटायची रे. म्हणून मीच फोन कमी केले. तिला त्रास नको म्हटलं."

मी म्हणालो, "नाही, शेवटी फारसं कळत नव्हतं."

"मग बरं," कुसुमताई म्हणाल्या. "मग मी फोन केला नाही हे तिच्या लक्षात नसेल आलं."

आलं होतं. तू फोन उशाशी घेऊन झोपायचीस.

आता वैशाख लागेल. काळे पडदे सुजाताने धुवायला काढले ते परत लावलेले नाहीत. माझी झोपही अलीकडे सरकायला लागली आहे, पन्नाशी ओलांडल्याचं ते पहिलं लक्षण असावं. उजाडायच्या आत डोळे उघडतात. मग मी तुझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसतो. उजेड आधी छतावर येतो, मग तांब्यावर, मग घड्याळावर. ते अजून तासभर मागेच आहे, मी हात लावलेला नाही. काल मी गेटच्या कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि किल्ली फिरवली. एका बोटाने फिरली. रुळांनाही तेल लावलं. गेट आवाज न करता उघडलं. रेवा पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "बाबा, हे तर आधीच करायचं होतं ना." तिचं मराठी मोडकं असतं, हे वाक्य तिला नीट आलं.

तुझ्याबद्दल कृतज्ञता वगैरे लिहिणं मंडळाच्या अंकात शोभून दिसेल. लिहायला हवंही. तू तुझ्या झोपेतून माझं बालपण काढून दिलंस, आणि मला तुझ्यासाठी पहाटेची एक झोपमोड निभावली नाही. याच्यापुढे त्या शब्दाचं काय करायचं ते मला कळत नाही.

कुसुमताईंना खरं सांगितलं तर त्यांना कळेल की तुला सगळं समजत होतं, आणि त्यांनी फोन थांबवले ते एका शहाण्या बाईचे थांबवले. या वयात त्यांना ते सोसायला लावायचं का, हे कारण मी गेले पाच दिवस पुढे करतोय. कारण चांगलं आहे. मी अशी चांगली कारणं वर्षभर वापरलेली आहेत.

हा मजकूर छापायला देण्याआधी मला कुसुमताईंना फोन करायचा आहे. घड्याळ मी मागे केलं होतं, चेंबरमध्ये तू बरोबर होतीस, आणि शेवटपर्यंत तुला वेळ कळत होती, एवढं त्यांना सांगायचं आहे. हे मी तुझं देणं लागतो, मावशी. अजून दिलेलं नाही.